फोर बाय फोर घेतली, आता टायर कोणते? खानदेशातल्या नव्या गाडीवाल्यांसाठी

नवी फोर बाय फोर दारात आली, पेढे वाटून होतात न होतात तोच घरातला पोरगा मोबाईलवर मोठमोठ्या दातांचे टायर दाखवायला लागतो. "पप्पा, हे टाकले की गाडी कशी दिसेल बघा!" दिसते झक्कास, वादच नाही. मीही दिसण्यालाच भुललो होतो. पहिल्या गाडीला हौसेने चिखलाचे टायर टाकले आणि दीड वर्ष धुळे-जळगाव रस्त्यावर कानात भुंगा घेऊन फिरलो. भुंग्याचं एक वेळ सोडा. एरंडोलच्या अलीकडे मृगाच्या पहिल्या सरीत समोरच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीने एकदम वेग कमी केला, मी ब्रेकवर उभा राहिलो, आणि गाडी घसरत घसरत ट्रॉलीच्या फाळक्यापासून हातभर अंतरावर थांबली. टायर नवे होते, चांगल्या कंपनीचे होते. फक्त ज्या कामाला बनवले होते, ते काम माझ्याकडे महिन्यातून दोन तासांचं होतं.

थार, जिम्नी, गुरखा, स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर, यातली कुठलीही फोर बाय फोर पहिल्यांदाच घेतली असेल आणि टायर बदलायची वेळ आली असेल, तर दुकानात जाण्याआधी हे एकदा वाचून घ्या.

पहिलं काम: महिनाभर वही

डॅशबोर्डवर छोटी वही ठेवा. रोज रात्री दोनच आकडे लिहा: डांबर किंवा काँक्रीटवर किती किलोमीटर, आणि कच्च्यावर किती. आठवणीवर विसंबू नका. माणसाला तोरणमाळचा घाट आणि सीताखाईचा धबधबा आठवतो, रोजची भुसावळ-जळगाव खेप आठवत नाही. चोपड्याकडचा माझा एक मित्र ठामपणे सांगायचा, "माझी निम्मी गाडी शेतातच असते." वही लिहिली तेव्हा महिन्याच्या १,४०० किलोमीटरमध्ये कच्चा रस्ता निघाला ९०. शेतात तो रोज जात होता, हे खरं. पण शेतरस्ता दीड किलोमीटरचा आणि बाकी सगळं डांबर.

आकडे समोर आले की अर्धा निर्णय झालेला असतो. शंभरातले नव्वदपेक्षा जास्त किलोमीटर पक्क्या रस्त्यावर असतील तर रस्त्याचे टायर. सत्तर ते नव्वदच्या मध्ये असाल तर ऑल टेरेन, तेही सौम्य नक्षीचे. त्याच्या खाली फार थोडे लोक येतात: अक्कलकुवा-मोलगी-धडगावच्या पट्ट्यात रोज पाड्यांवर फिरणारे, किंवा सातपुड्यात काम असणारे. त्यांना हा लेख नको, त्यांना सगळं माहीत असतं.

एक भर मात्र घाला. आपल्याकडे "पक्का रस्ता" हा शब्द जरा सैल आहे. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा असं ज्यांचं जाणं-येणं आहे, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. खड्ड्यांचा रस्ता रोजचाच असेल तर मनातल्या मनात त्याला अर्धा कच्चा धरा.

तीन जाती आणि आपली काळी माती

टायरवर किंवा त्याच्या नावात एच/टी, ए/टी, एम/टी अशी अक्षरं असतात. एच/टी म्हणजे हायवे टेरेन: दाट नक्षी, बारीक खाचा, आवाज कमी, ओल्या डांबरावर पकड चांगली. ए/टी म्हणजे ऑल टेरेन: ठोकळे मोठे, खाचा रुंद, थोडी गुणगुण, मायलेजमध्ये थोडी घट. एम/टी म्हणजे मड टेरेन: नुसते दात. अपोलोचे अ‍ॅप्टेरा, एमआरएफचे वाँडरर, जेकेचे रेंजर, योकोहामाचे जिओलँडर अशी नावं दुकानात ऐकाल. पण एकाच नावाखाली वेगवेगळ्या जातीचे टायर निघतात. म्हणून नावावर जाऊ नका, पुढची अक्षरं बघा.

भिंतीवर एम प्लस एस अशीही खूण दिसेल. मड अँड स्नो. ती पाहून "हा चिखलाचा टायर" असं सांगणारा दुकानदार भेटला तर हसून सोडून द्या. साध्या रस्त्याच्या टायरवरही ती खूण असते, आणि बर्फाचं म्हणाल तर आपल्याकडे तो फक्त उसाच्या रसात.

आता कळीचा प्रश्न. "पण भाऊ, पावसाळ्यात शेतात जायचं तर एम/टी नको का?" याचं उत्तर आपल्या मातीनेच मला शिकवलं. तापीकाठची काळी कपाशीची जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर लोण्यासारखी होते. ती नुसती घसरत नाही, चिकटते. माझ्या त्या दातेरी टायरांनी बांधापासून जेमतेम चाळीस-पन्नास पावलं नेलं असेल. खाली उतरून बघतो तर दात कुठे दिसेचनात. सगळ्या खाचा मातीने गच्च, वरून तुळतुळीत, चार काळे लाडू. खुरप्याने एकेक खाच मोकळी केली. पाऊण तास गेला. पुन्हा गाडी सुरू केली, दहा फुटांत पुन्हा लाडू. शेवटी सालदाराने बैलजोडी आणली आणि काहीही न बोलता गाडी ओढली. त्याचं न बोलणं मला जास्त लागलं.

मोठ्या दातांचा टायर वेगाने फिरला तर माती भिरकावून देतो आणि खाचा मोकळ्या ठेवतो, हे खरं आहे. पण शेताच्या वाटेवर दोन्हीकडे उभं पीक असताना तेवढा वेग कोण घेणार? काळ्या मातीवरचा खरा उपाय म्हणजे पाऊस उघडल्यावर एक-दोन दिवस थांबणं, किंवा गाडी डांबरावर ठेवून चालत जाणं. सातपुड्याच्या पायथ्याची मुरमाड, दगडगोट्यांची वाट वेगळी. पाल, मनुदेवी, तोरणमाळकडच्या तसल्या वाटांवर सौम्य ए/टी टायर पुरून उरतो, आणि सावकाश चालवलं तर एच/टीसुद्धा भागवतो.

थांबवतं कोण?

नव्या गाडीवाल्याच्या डोक्यात हमखास एक घोळ असतो: फोर बाय फोर आहे म्हणजे पावसात सुरक्षित. चारी चाकांना ताकद मिळते ती गाडी पुढे जाण्यासाठी. ब्रेक तर अल्टोलाही चारी चाकांना असतात. ओल्या रस्त्यावर थांबणं आणि वळणं सगळं टायरवर.

थोडं गणित करू. गाडी १,८०० किलोची धरली तर एका टायरवर साधारण ४५० किलो. हवा ३२ पीएसआय, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलोच्या आसपास. भागाकार केला की येतात २०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे चौदा बाय चौदाचा तुकडा, छोट्या भाकरीएवढासुद्धा नाही. एवढ्याच जागेवर टायर रस्त्याला टेकतो. त्यातही एम/टीचा मोठा भाग खाचांचा, म्हणजे रिकामा. शिवाय एच/टीच्या ठोकळ्यांवर ज्या केसासारख्या बारीक चिरा असतात, त्या ओल्या डांबराला धरतात. मोठ्या ठोकळ्यांवर त्या कमी असतात. एरंडोलजवळ मी घसरलो तो याच हिशेबाने.

आणि पावसात फोर-हाय (चारही चाकांना ताकद देणारा गिअर) टाकून महामार्गावर जाणाऱ्यांसाठी: थार, जिम्नी, गुरखा या पार्ट-टाइम पद्धतीच्या गाड्या आहेत. फोर-हायमध्ये पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकत्र बांधला जातो. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं. मातीवर चाक जरासं सरकून तो फरक भरून काढतं, पक्क्या रस्त्यावर सरकता येत नाही, मग सगळा ताण गिअरबॉक्स आणि शाफ्टवर. स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळते. लळिंगच्या घाटात किंवा कोंडाईबारीत रस्ता डांबरी असेल तर टू-हायच, म्हणजे दोनच चाकांना ताकद.

याच कारणाने चारही टायर एकाच साइजचे, एकाच नक्षीचे आणि जवळपास सारखेच झिजलेले हवेत. "सध्या पुढचे दोनच बदलू, मागचे दिवाळीला" हे साध्या गाडीत एक वेळ चालेल. फोर बाय फोरला नव्या-जुन्या टायरच्या घेरातला फरकही अ‍ॅक्सलमध्ये तोच ताण तयार करतो.

गाडीवरचा स्टिकर, टायरवरचे आकडे

ड्रायव्हरचा दरवाजा उघडा. खांबावर स्टिकर असतो: टायरची साइज, रिकाम्या गाडीची हवा, भरलेल्या गाडीची हवा. त्याचा फोटो काढून ठेवा. दुकानात वाद झाला तर हाच पंच.

टायरवर २५५/६५ आर १८ असं लिहिलेलं असेल तर २५५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडिअल, १८ म्हणजे रिम किती इंची. त्यापुढे एक आकडा आणि एक अक्षर असतं, उदाहरणार्थ १०८ एस. १०८ म्हणजे एक टायर १,००० किलो पेलतो, ११२ असेल तर १,१२०. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंत, टी १९०, एच २१०. तेवढ्या वेगाने कोणी जावं असा याचा अर्थ नाही. मूळ टायरवर जो आकडा आणि अक्षर होतं त्याच्या खालचं घेऊ नका, एवढंच. केळीचे घड, कांद्याच्या गोण्या आणि वर सहा माणसं भरणाऱ्यांनी हा भाराचा आकडा जरा काळजीने बघावा.

काही टायरवर टेम्परेचर अशी श्रेणी असते: ए, बी, सी. ए सगळ्यात चांगली. उष्णता किती सोसतो आणि किती बाहेर टाकतो, त्याची ती श्रेणी आहे. भुसावळच्या मे महिन्यात गाडी चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

साइजच्या आधी किंवा मागे "एलटी" अक्षरं असतील तर तो हलक्या ट्रकसाठीचा टायर: भिंत जाड, वजन जास्त, आणि तेवढाच भार पेलायला हवाही जास्त लागते. घरच्या वापराला नको. गाडी पाटावर बसल्यासारखी कडक चालते, आणि मागे बसलेली आई दुसऱ्या खेपेला येत नाही.

एक साइज मोठा टाकू का?

पोरगा हे विचारणारच. त्याच्यासमोरच हिशेब करा. २५५/६५ आर १८ चा व्यास: २५५ चे ६५ टक्के १६५.७५, त्याची दुप्पट ३३१.५, त्यात १८ इंच म्हणजे ४५७.२ मिळवा. झाले ७८८.७ मिलिमीटर. आता २५५/७० आर १८ घेतला तर ८१४.२. फरक सव्वातीन टक्क्यांच्या आसपास. म्हणजे काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी पूर्वीपेक्षा ताशी तीन किलोमीटर जास्त धावत असेल, पिकअप मंदावेल, डिझेल जास्त लागेल, आणि पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर टायर आतल्या लायनरला घासतोय का ते बघावं लागेल. ढोबळ मर्यादा तीन टक्क्यांची धरतात. माझं मत विचाराल तर कंपनीने त्या मॉडेलला दिलेल्या साइजबाहेर जाऊच नका. वॉरंटीचा, विम्याचा आणि आरटीओचा प्रश्न एकदम अंगावर येतो, आणि मिळतं काय, तर उंचीत सव्वा सेंटिमीटर.

दुकानात

मे अखेरीस जा. जुने टायर उन्हाळ्यात काय संपायचे ते संपतात, आणि मृग लागायच्या आत नवे चढतात. ऐन पावसात गेलात तर गर्दी असते आणि समोर असेल तो माल गळ्यात पडतो.

मी गेल्या खेपेला पारोळा रोडवर टायर बघत होतो तेव्हा शेजारच्या बाकावरचे एक आप्पा कुतूहलाने म्हणाले, "भाऊ, चांगला टायर शेतस ना, कसाले बदली ऱ्हायना?" टायर वरून खरंच चांगला दिसत होता. मी त्यांना भिंतीवरच्या लांबट चौकटीतले चार आकडे दाखवले: ३११७. म्हणजे २०१७ सालचा ३१ वा आठवडा. जवळ वाकून बघितलं तर खाचांच्या तळाशी आणि भिंतीवर कोरड्या तळ्यासारख्या बारीक भेगा. नक्षी शाबूत, रबर म्हातारं.

नवा टायर घेताना हेच चार आकडे चारही टायरवर बघा. सहा महिन्यांच्या आतला असेल तर उत्तम, वर्षापर्यंत ठीक. त्याहून जुना असेल तर "स्कीममध्ये आहे" असं सांगितलं तरी नको म्हणा. बऱ्याच टायरवर ही तारीख एकाच बाजूला असते, म्हणून चढवण्याआधीच बघून घ्या. नंतर गाडीखाली झोपावं लागतं. आयएसआय खूण बघा. २०२२ साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून टायरसाठी रोलिंग रेझिस्टन्स (टायर फिरताना होणारा विरोध), ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज अशा तीन कसोट्या आणल्या. बाहेरून उतरलेले स्वस्त, बिनबिलाचे टायर घेताना हे आठवा. बिलावर टायरचे नंबर लिहून घ्यायचेच.

चढवताना नवे व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट एकाच वेळी. व्हॉल्व्ह काही रुपयांचा असतो आणि लोक नेमके तिथेच वाचवतात. नट एअर गनने करकचून आवळू देऊ नका, शेवटचा पीळ हाताच्या पान्याने. शंभरेक किलोमीटर झाले की नट पुन्हा एकदा तपासा. नव्या टायरवर कारखान्यातला गुळगुळीत थर असतो, तो जाईपर्यंत पहिले तीनेकशे किलोमीटर जोरात ब्रेक आणि जोरात वळण नको.

हवा

चांगला टायर निवडून हवेकडे दुर्लक्ष करणारे मी पुष्कळ पाहिलेत. आपल्याकडे उन्हाळ्यात टायर फुटतो तेव्हा लोक म्हणतात, "हवा जास्त झाली, ऊन लागलं." बहुतेक वेळा उलटं असतं. हवा कमी असली की भिंत प्रत्येक फेऱ्यात दुमडते, दुमडून दुमडून आतून तापते, आणि ४४ अंशांच्या दुपारी, भरल्या गाडीत, ताशी शंभरने ती हार मानते.

म्हणून हवा सकाळी मोजायची, गाडी रात्रभर उभी असताना, स्टिकरवरच्या आकड्याप्रमाणे. तापमान साडेपाच-सहा अंशांनी वाढलं की हवा साधारण एक पीएसआय वाढते. सकाळी २८ आणि दुपारी ४४ असेल तर गाडी न हलवताही जवळपास तीन पीएसआय वाढणार, आणि चालल्यावर आणखी. दुपारी मुक्ताईनगरच्या पंपावर ३२ चे ३८ दिसले म्हणून हवा काढायची नाही. काढली तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर उपाशी. हवा कमी आहे की नाही हे चालल्यावरही कळतं: सकाळच्या आकड्यापेक्षा पाच-सहाने वाढली तर ठीक. दहाने वाढली तर सकाळची हवाच कमी होती, किंवा गाडी जास्त भरलेली आहे.

नायट्रोजन भरा, भरू नका. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. दर पंधरा दिवसांनी मोजणं त्यापेक्षा जास्त कामाचं. हजार-दीड हजाराचा बारा व्होल्टचा पंप आणि आपला स्वतःचा गेज गाडीत ठेवा, पंपावरच्या गेजवर माझा विश्वास नाही. गिरणेच्या किंवा पांझरेच्या वाळूत उतरायची हौस असेल तर तिथे हवा २० पर्यंत उतरवता येते, टायर पसरतो आणि वाळूवर तरंगतो. पण डांबरावर येताच पंप लावून पुन्हा भरायची, मगच निघायचं.

काटे आणि खुंट

आपल्या भागात पंक्चर खिळ्यांनी कमी आणि वेड्या बाभळीने जास्त होतं. काटा बारीक असतो, आत मोडतो, हवा दोन-दोन दिवसांनी हळूच उतरते. साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघितल्याशिवाय सापडत नाही. नक्षीच्या भागातलं पंक्चर दोरीने तात्पुरतं आणि आतून मशरूम (छत्रीच्या आकाराचा रबरी तुकडा) लावून कायमचं निघतं. भिंतीला लागलं तर टायर गेला, कोणी कितीही गॅरंटी दिली तरी. म्हणून कपाशी उपटण्याऐवजी कापलेल्या शेतातून गाडी नेऊ नका. पऱ्हाटीचे तिरके छाटलेले खुंट भिंतीत सुरीसारखे शिरतात, आणि रस्त्याच्या टायरची भिंत पातळ असते.

फिरवणं आणि स्टेपनी

दर ८,००० ते १०,००० किलोमीटरला टायरच्या जागा बदला, पाचवा धरून. तीच वही काढून तारीख आणि किलोमीटर लिहा. मधोमध झीज असेल तर हवा जास्त, दोन्ही कडांना असेल तर कमी, एकाच कडेला असेल तर अलाइनमेंट. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, खाचांमधल्या छोट्या उंचवट्यांना ती टेकली की झालं. मी तीनवरच बदलतो, कारण पाणी बाहेर फेकायला खाचच उरत नाही.

मागच्या दरवाजावर लटकणारी स्टेपनी हा आपल्याकडे वेगळाच विषय. वर्षाचे आठ महिने ती उन्हात असते, एकही किलोमीटर न चालता म्हातारी होते. तिला कव्हर घाला, हवा मोजताना ती पाचवी मोजा, आणि जागा बदलताना तिलाही रस्त्यावर आणा. माझी स्टेपनी एकदा शिरपूरच्या पुढे, पळासनेरच्या अलीकडे लागली. काढून बघतो तर हवा १४.